ट्रेलरला ब्रेक नव्हते

जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात अपघाताच्या बातमीसाठी एक वाक्य तयार असायचं: 'चालकाचा वाहनावरील ताबा सुटल्याने'. पोलिस ठाण्यातून फोनवर जी पहिली माहिती मिळायची तिच्यातच ते असायचं. डेस्कवर गावाचं नाव आणि वाहनाचा प्रकार बदलला की बातमी पूर्ण व्हायची. ते वाहन पुढे महिनोन्महिने ठाण्याच्या आवारात गंजत उभं राहायचं. त्याच्याखाली शिरून कोणी काही पाहिलं का, हे विचारायची पद्धत नव्हती.

चंद्रपूरची ती आवृत्ती बंद झाली आणि माझी नोकरी गेली. त्याच हिवाळ्यात एटापल्लीला मावशीकडे जायचं होतं. माझा धाकटा भाऊ ट्रेलर चालवतो. एका पुलाच्या कामासाठी लोखंडी सळाखा घेऊन तो त्याच वाटेने निघाला होता. "एसटीत कायले लटकत जाते? केबिनमध्ये चाल, बाई," म्हणाला. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात. मी गेले.

आधी त्याने ट्रॅक्टर चालवला, मग गिट्टीचा टिप्पर. ट्रेलर मिळायला त्याला फार थांबावं लागलं. या धंद्यात गाडी ड्रायव्हरची नसते, पण 'गाडी हातात असणे' हीच त्याची नोकरी असते. मालकाने गाडी काढून घेतली की नोकरी संपली. त्याला नोटीस लागत नाही, कारण लागत नाही. धान कापणीला तो घरी राहिला तेवढ्यात त्याची गाडी दुसऱ्याला दिली गेली होती. कापणी, बांधणी, चुरणी सगळं उरकून तो परत गेला तेव्हा यार्डात त्याला बसवून ठेवलं. रोज सकाळी जायचं, बाकावर बसायचं, संध्याकाळी परत यायचं. आम्ही निघालो त्याच आठवड्यात त्याला गाडी परत मिळाली होती. गेल्या खेपेला त्याच्याकडे होता तोच ट्रेलर. वाटेत गोंडपिपरीला चहा पिताना तो म्हणाला, "आता मी काई गाडी सोडत नाई. मायच्यानं नाई."

आलापल्ली मागे पडली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना साग सुरू होतो. सकाळी दहाचा सुमार असेल. एका छोट्या उताराच्या पायथ्याशी गायी रस्त्यावर आल्या. भावाने ब्रेक दाबला. पुढची गाडी, जिला ड्रायव्हर घोडा म्हणतात, ती हळू झाली. मागचा ट्रेलर झाला नाही. मागून कोणी खांद्याने रेटावं तसा केबिनला धक्का बसला आणि घोड्याचं तोंड किंचित उजवीकडे वळलं. भावाने ब्रेक सोडला, गिअर खाली घेतला, पुन्हा थोडा दाबला. पुन्हा धक्का. गायी निघून गेल्या. सपाट जागा पाहून त्याने गाडी डाव्या बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, उतरून चाकांना दगड लावले. परत येऊन पायरीवर उभा राहिला.

"काय झालं?"

"मागचा ऐकत नाई."

सळाखांचा ट्रेलर मागून रेटत असेल तर काय होतं, हे त्याने तेव्हा सांगितलं नाही; मला ते माहीत होतं. घोडा थांबतो, ट्रेलर थांबत नाही. दोन्ही त्यांना जोडणाऱ्या मधल्या खिळ्यावर दुमडतात, किंवा बांधलेल्या सळाखा साखळ्या तोडून पुढे सरकतात आणि केबिनची मागची भिंत त्यांना अडवू शकत नाही. अशा दोन बातम्या माझ्या हातून गेल्या होत्या. पुढे एटापल्लीच्या आधी एक लांब उतार होता, खाली वळण आणि नाल्यावरचा अरुंद पूल.

भावाने आधी हवेचा काटा पाहिला. काटा बरोबर होता. या गाड्यांचे ब्रेक हवेवर चालतात. पायडल दाबलं की हवा नळ्यांमधून मागे जाते आणि प्रत्येक चाकाजवळच्या गोल डब्यात भरते. त्या डब्याला बूस्टर म्हणतात. आत एक रबर असतं, ते फुगतं, एक दांडा बाहेर ढकलला जातो आणि ब्रेक लागतो. ट्रेलरला तीन एक्सल, म्हणून सहा बूस्टर. केबिनच्या मागे घोड्याकडून ट्रेलरकडे दोन नळ्या जातात, एक लाल, एक पिवळी. लालमधून हवा कायम भरलेली असते. पिवळीतून पायडलचा हुकूम जातो.

"दोन्ही तोट्या चालू हायत," तो मागून ओरडला. "मी पिवळा पाइप काढतो. मी म्हणलं का दाबजो."

मी ड्रायव्हरच्या सीटवर सरकले. तिथून आरशात त्याचा फक्त खांदा दिसत होता.

"दाब!"

मी दाबलं. मागे जोरात फुसकारा झाला.

"सोड! हवा येऊन राह्यली. इथपर्यंत ठीक हाय."

त्याने पिवळी नळी परत बसवली. मग लाल काढली. लाल नळी निघाली की ट्रेलरने आपोआप जाम व्हायला हवं, धावत्या गाडीपासून ट्रेलर सुटला तर तो थांबावा म्हणून तशी व्यवस्था असते. मागे कुठेतरी खट्ट आवाज झाला. भाऊ चाकांपुढचे दगड काढून केबिनमध्ये आला, पहिला गिअर टाकून क्लच हळू सोडला. जाम व्हायला हवा होता तो ट्रेलर निमूटपणे हातभर पुढे आला. भावाने लगेच गाडी थांबवली.

"वॉल्व तर बोलला," तो म्हणाला. "मंग चाकं काऊन नाई बोलत?"

लाल नळी जोडून, चाकांना दगड पुन्हा लावून तो ट्रेलरखाली गेला. मी वर, पायडलवर. पुढचा पाऊण तास आमचं बोलणं दोन शब्दांचं होतं.

"दाब!"

दाबलं.

"सोड!"

सोडलं.

"दाब! धरून ठेव... धरून ठेव न, सोडू नको!"

"धरलंच आहे."

"मंग दांडा हालत काऊन नाई?"

धानाचे भारे डोक्यावर घेतलेल्या तीन बाया रस्त्याने जात होत्या. त्यातली एक थांबली, वर केबिनमध्ये पाहिलं, खाली भावाचे पाय पाहिले आणि मला म्हणाली, "शिकून राह्यली का बाई गाडी? त्या माणसाच्या अंगावरून नको नेजो." बाकीच्या दोघी हसल्या. भाऊ खालून म्हणाला, "नेली तरी बरं होईन, माय." त्या हसत पुढे गेल्या.

सहापैकी एकाही चाकाचा दांडा हलत नव्हता. एक बिघडला, दोन बिघडले असं होतं. सहाच्या सहा एकाच सकाळी बिघडत नाहीत. भावाने पाना घेतला आणि पहिल्या बूस्टरच्या नळीचा नट खोलला. मी उतरून वाकून पाहिलं. त्याच्या तळहातावर खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, प्लास्टिकची पन्नी होती, अनेक घड्या घालून दाबलेली, तेलाने काळी झालेली, मधोमध एक नाणं.

"डमी मारली हाय," तो म्हणाला.

डमी म्हणजे बूच. बूस्टरमधलं रबर फाटलं की तिथून हवा गळते. हवा गळली की काटा खाली येतो आणि सगळी गाडीच जाम होते, जागची हलत नाही. अशा वेळी ड्रायव्हर जंगलात एकटा असतो. तो फाटलेल्या बूस्टरची नळी शोधतो, नट खोलतो, हातात येईल ते नळीच्या तोंडात घालून नट परत आवळतो. गळती थांबते, गाडी चालते, एका चाकाचा ब्रेक जातो. पाच उरतात. यार्डात पोचल्यावर सांगायचं आणि नवं रबर टाकून घ्यायचं, अशी पद्धत आहे म्हणतात. प्रत्यक्षात गाडी यार्डात येते ती भरायच्या रांगेतच. रबराचं नाव काढणाऱ्याची गाडी रांगेतून बाहेर काढून उभी करतात, आणि उभ्या गाडीवरचा ड्रायव्हर बाकावर बसतो. म्हणून कोणी सांगत नाही. पुढच्या ड्रायव्हरलाही नाही. त्याला पाच ब्रेकची गाडी मिळते आणि ती त्याला सहा ब्रेकचीच वाटते. मग त्याच्या खेपेत दुसरं रबर फाटतं.

भावाने सगळे नट खोलले. सायकलच्या ट्यूबचा तुकडा निघाला. पाण्याच्या बाटलीच्या झाकणातली चकती निघाली. आणखी एक नाणं, एक चिंधीचा बोळा. पुढच्या एक्सलच्या उजव्या बाजूचा नट त्याने सगळ्यात शेवटी खोलला आणि तो खोलताना माझ्याकडे पाहिलं नाही. त्यातून चपलेच्या अंगठ्याचा तुकडा निघाला, निळ्या रबराचा. मागच्या उन्हाळ्यात त्याने एक चप्पल तुटली म्हणून घरी फेकली होती. ती निळी होती. तो तुकडा त्याने गवतात टाकला.

"ह्यो मी मारला होता," तो म्हणाला. "अहेरीजवळ. मले वाटलं बाकीचे तर हायत."

बूच मारणाऱ्या प्रत्येकाला तसंच वाटलं असणार.

बुचं काढून झाल्यावर पुन्हा मी वर, तो खाली. पायडल दाबलं की आता चार ठिकाणांहून हवा फुसफुसत होती. चार रबरं खरोखर फाटलेली होती. पण डाव्या बाजूच्या दोन चाकांचे दांडे हलले. तिथली रबरं चांगली होती. नुसतं चाक तापतं म्हणून कोणी तरी ती बंद करून ठेवली होती. भावाने चार गळती नळ्यांना परत बुचं मारली, दोन चालू ठेवली. तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा, मान, दंड सगळं काळं होतं आणि तो खूश होता. गेल्या दोन तासांत प्रथमच.

"चार रबर पाहिजे फक्त. आलापल्लीत भेटते. तीन वाजेपर्यंत सगळे चालू करून देतो. तू पायजो बाई, नव्या गाडीसारखा थांबन."

तिथे रेंज नव्हती. तो उतारावरून वर चालत गेला, एका झाडाखाली हात उंच करून उभा राहिला, मग बोलू लागला. बोलणं लांबलं. परत आला तेव्हा खुशी गेली होती.

"सुपरवायझर येऊन राह्यला. आलापल्लीलेच हाय."

"रबर घेऊन?"

"बोलला नाई तसं."

सुपरवायझर जीपने आला. भावाच्याच वयाचा, शर्ट खोचलेला, बोलायला सभ्य. त्याच्याबरोबर आमच्याच गावाकडचा एक वयस्क ड्रायव्हर होता. त्याला भाऊ मामा म्हणतो. ट्रेलर वळवायला, मागे घ्यायला त्यानेच भावाला शिकवलं होतं. जीपमध्ये चार रबरं नव्हती. मामाची बॅग होती, पांघरूण होतं. ते पाहिल्यावर पुढचं सगळं कळण्यासारखं होतं, तरी ते सगळं बोललं गेलं.

"जय भीम, बाई," मामा मला म्हणाला. "तू इथी कशी?"

"जय भीम. मावशीकडे निघाले होते."

सुपरवायझर भावाकडे वळला. "गाडी काऊन उभी केली?"

"ब्रेक नाई साहेब मागं. सहाच्या सहा डमी होते. दोन चालू केले मी. चार रबर द्या, दोन-तीन घंट्यांत—"

"तिकडं उद्या सकाळी स्लॅब हाय. आज सळाखी बांधणं हाय. माणसं बसून हायत तिथी. दोन-तीन घंटे कुठून आणू मी?"

"उतार हाय पुढं."

"उतार आजच झाला का? इतक्या गाड्या जाऊन राह्यल्या."

"त्या गेल्या साहेब. पण ब्रेक—"

"आतापर्यंत चालवून राह्यला न तू? चंद्रपूरवरून इथपर्यंत कशी आणली?"

सपाट रस्त्यावर आणि घोड्याच्या ब्रेकवर आणली, हे खरं उत्तर होतं. पण ते त्याच्याच विरुद्ध जात होतं.

मग सुपरवायझर माझ्याकडे पाहून हसला. "ताई प्रेसवाल्या हायत न? त्यांनी सांगतलं का उभी कर म्हणून?"

"मी पायडल दाबत होते," मी म्हणाले.

"तसं नाई, म्हणलं बातमी-गितमी." तो अजून हसतच होता. "पण पेपर तर बंद झाला ना तुमचा?"

"हो. बंद झाला."

तेवढ्यात मामा ट्रेलरखाली जाऊन आला. हात पुसत म्हणाला, "दोन्ही डावेच चालू हायत."

"हो मामा. तेवढे तरी—"

"तेवढे नको. एका बाजूनंच धरलं का ट्रेलर वाकडा होते. उतारावर शेपूट फेकते. त्याच्यापेक्षा एकही नको. मी गिअरवर उतरवतो, घोड्याच्या ब्रेकवर."

ते चुकीचं नव्हतं. एका बाजूचाच ब्रेक धोक्याचा असतो, हे भावालाही माहीत होतं. म्हणून तर तो रबरं मागत होता. पण मामाने पाना घेतला आणि आम्ही सकाळभर खपून चालू केलेले दोन ब्रेक पाच-दहा मिनिटांत परत बंद केले. एक बूच उरलं होतं; दुसऱ्यासाठी त्याने गवतात शोधलं आणि भावाने फेकलेलाच निळा तुकडा उचलला. तो कोणाचा आहे ते त्याला माहीत नव्हतं.

"मधल्या डाव्याचा नट जरा आडवा बसते," तो खालून म्हणाला. "मागं मीच मारला होता तो. चाक लय तापे."

भाऊ वाकला. "तुम्हाले माहीत होतं मामा?"

"एक माहीत होता."

"मंग सांगतलं काऊन नाई? ह्यो ट्रेलर मले तुमच्याच हातून आला होता."

मामा खालून बाहेर आला. गुडघे झटकले. "तू सांगतलं का मले?"

सुपरवायझर घड्याळ पाहत होता. भाऊ त्याच्याकडे गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "साहेब, मीच नेतो. मामा म्हणते तसा, गिअरवर. गाडी माह्याच हातात राहू द्या."

मी ते ऐकलं. तो तसं म्हणाला. सकाळी त्याने जे थांबवलं होतं ते तो आता करायला तयार होता.

"नाई रे. आता तुले भेव वाटलं न," सुपरवायझर म्हणाला. आवाज मऊ होता. "भेव वाटलेल्या माणसाच्या हातात गाडी देत नाई मी. उद्या काई झालं तर? आराम कर काई दिवस. मी फोन करतो."

भावाने केबिनमधून त्याची बॅग, ब्लँकेट, स्टोव्ह आणि बाबासाहेबांचा छोटा फोटो काढला. फोटो काचेला चिकटवलेला होता, तो निघताना कोपरा फाटला. मग किल्ली मामाला दिली आणि जे ड्रायव्हर गाडी देताना सांगतात ते सगळं सांगितलं. डाव्या दाराची कडी वरून ओढावी लागते. तिसरा गिअर कधी सुटतो. वायपर एकच चालतो. मामा हो हो म्हणत होता.

"हळू जाजा," भाऊ शेवटी म्हणाला.

"मी आजचा हाओ का," मामा म्हणाला आणि वर चढला. सुपरवायझरची जीप आलापल्लीकडे परत गेली.

एसटीची वाट पाहत आम्ही रस्त्याच्या कडेला ब्लँकेटवर बसलो. बस अर्ध्या तासाने आली. पुढच्या दोन-तीन वळणांनंतर तिने ट्रेलर गाठला. मामा बैलगाडीच्या चालीने चालवत होता. उताराची त्याची तयारी आधीपासूनच सुरू होती. बसच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवायला सुरुवात केली. प्रवासी बोलू लागले.

"अरे सरक न बाप्पा!"

"झोपला का मंधात?"

"साइड दे म्हणा त्याले, वरातीत चालला का?"

ट्रेलरच्या मागे लाल दिवे अधूनमधून लागत होते. पायडल दाबलं की दिवे लागतात. त्यांची तार वेगळी असते. मागच्या गाडीला वाटतं, ब्रेक लागला. भाऊ पुढच्या दांड्याला धरून उभा होता. मी त्याला बस म्हटलं, तो बसला नाही.

सपाट तुकडा आला तशी बस ट्रेलरच्या पुढे गेली. कोणी तरी शिट्टी मारली. भाऊ तेव्हा वळला आणि पाठीमागच्या काचेतून पाहू लागला. आता उतार सुरू झाला होता, आम्ही पुढे होतो आणि मामा मागे. बस जोरात उतरली. खाली, वळणानंतर, पुलाच्या अलीकडे एका म्हातारीला उतरायचं होतं. कंडक्टरने घंटी मारली.

"इथी नका थांबवू!" भाऊ ओरडला. "पूल ओलांडा, चढावर थांबवा!"

"काऊन बा?" कंडक्टर म्हणाला. "चढावर तुही सासुरवाडी हाय का?"

बस हसली.

"मागच्या ट्रेलरले ब्रेक नाई."

"तुले कोणं सांगतलं?"

"मी ड्रायव्हर हाओ त्याचा."

"मंग तू इथी कसा?" कंडक्टर म्हणाला, आणि या वेळी लोक आणखी जोरात हसले, कारण प्रश्न बरोबर होता.

बस थांबली. अर्धी डांबरावर, अर्धी मातीवर. म्हातारीजवळ एक पोतं होतं, ते कोणी तरी खाली दिलं, मग ती दोन्ही हातांनी दांडा धरून एकेक पायरी उतरू लागली. भाऊ मागच्या सीटवर चढून काचेतून बघत होता. हॉर्न आधी ऐकू आला, एकसारखा, न थांबता वाजणारा. मग वळणातून घोडा आला. इंजिन खालच्या गिअरमध्ये किंचाळत होतं. म्हातारी खालच्या पायरीवर होती. मामाने गाडी उजवीकडे काढली. समोरून काही येत नव्हतं. ट्रेलर बसच्या बाजूने गेला तेव्हा खिडक्यांच्या काचा थरथरल्या आणि सळाखांचा एकमेकांवर घासण्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. पूल ओलांडून तो समोरच्या चढावर गेला, हळू झाला, आणि वर निघून गेला.

म्हातारीने त्याच्या नावाने दोन शिव्या हासडल्या आणि पोतं उचललं. कंडक्टरने घंटी मारली.

"गेला न नीट?" तो भावाला म्हणाला. "उगीच लोकायले भेवाडते."

भाऊ खाली बसला.

एटापल्लीला मावशीने जेवण वाढलं तेव्हा चार वाजून गेले होते. भावाचं जेवण झालं नव्हतं तोच सुपरवायझरचा फोटो आला: ट्रेलर पुलाच्या कामावर उभा आहे, मजूर सळाखा उतरवत आहेत. खाली लिहिलं होतं, 'पोहोचली. काही झालं नाही.' काही झालं नव्हतं, हे खरं होतं. माझा पेपर चालू असता तरी यात बातमी नव्हती. न झालेला अपघात कोणी छापत नाही, आणि त्या म्हातारीला, त्या बसला, मामाला काय होऊ शकलं असतं हे लिहायला गेलं तर डेस्कवरचा माणूस पहिला प्रश्न तोच विचारतो: पण झालं काय?

सुपरवायझरचा फोन त्या आठवड्यात आला नाही, नंतरही नाही. पंधरवडा उलटल्यावर भावाने स्वतः दुसऱ्या एका मालकाला फोन लावला. आम्ही चंद्रपूरला घरी होतो, मी त्याच खोलीत होते. आधी ओळख, मग कोणकोणत्या गाड्या चालवल्या ते झालं. मग पलीकडून काही विचारलं गेलं. भावाने एकदा माझ्याकडे पाहिलं, उठून उभा राहिला आणि दाराकडे तोंड केलं.

"नाई जी," तो म्हणाला. "गाडीची काई तक्रार नव्हती. गाडी एकदम चांगली होती. माहीच तब्येत बरी नव्हती."